स्टोमाधारकाची तहारत आणि त्वचेचे जतन

फिक्हच्या बहुतेक ग्रंथांचा आरंभ तहारतीच्या प्रकरणाने होतो. पाकी ही नमाजची अट आहे, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. परंतु ज्याच्या शरीरातून मल किंवा मूत्र नैसर्गिक वाटेने न येता पोटावर केलेल्या छिद्रातून, त्याच्या इच्छेविना, रात्रंदिवस बाहेर पडत असते, त्याने पाक कसे राहावे, हा प्रश्न आपल्या दर्सांतून क्वचितच चर्चिला जातो. आतड्याचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग, आतड्याला पडलेले भोक, अपघातातील इजा, मोठ्या आतड्याची दीर्घकाळची सूज अशा कारणांनी शल्यचिकित्सक आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कातडीला शिवतात. त्यालाच स्टोमा म्हणतात. काहींना तो काही महिन्यांपुरता असतो, काहींना जन्मभर. अशा रुग्णाला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, आपली इबादत आणि स्टोमाभोवतीची कातडी. या दोहोंत विरोध आहे, असे समजून अनेकजण कातडीचे आणि अखेर इबादतीचेही नुकसान करून घेतात. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

माझ्या परिचयातील एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. पाचही वक्त जमाअतने नमाज अदा करण्याचा त्यांचा चाळीस वर्षांचा परिपाठ होता. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या पोटावर लहान आतड्याचा स्टोमा आला. घरी आल्यावर प्रत्येक अजानपूर्वी ते पिशवी आणि तिची चकती दोन्ही ओढून काढीत, साबणाने व जंतुनाशक द्रावाने जागा घासून धूत आणि नवी चकती लावीत. दिवसातून पाच वेळा. पंधरा दिवसांत कातडी सोलवटली, तिच्यातून पाणी पाझरू लागले. ओल्या कातडीवर चकती चिकटेना. चकती चिकटेना म्हणून गळती वाढली, गळती वाढली म्हणून नापाकीची धास्ती वाढली आणि धास्तीपायी धुणे आणखी वाढले. त्यांनी मस्जिदीत जाणे सोडले. मग घरच्या नमाजही सुटू लागल्या. “या अवस्थेत अल्लाहसमोर उभा कसा राहू?” असे ते म्हणत. मुलगे त्यांना दवाखान्यात नेऊ पाहत, तर ते म्हणत की हा आजार नाही, ही माझी नापाकी आहे.

येथे शरीराची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. स्टोमा हा लाल व ओलसर असतो, आपल्या ओठांच्या आतील बाजूसारखा. त्याला वेदना जाणवत नाही. पुसताना त्यातून रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरण्याचे कारण नसते. त्याच्या भोवतीची कातडी मात्र पोटावरील इतर कातडीसारखीच आहे, तिला आग, खाज, ठणका सर्व कळते. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मलात अन्नातील प्रथिने व स्निग्धांश विरघळविणारे पाचक रस असतात. त्यांना अन्न आणि कातडी यांतील भेद कळत नाही. ते कातडीवर काही तास राहिले तर तिलाही विरघळवू लागतात. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा स्टोमा असेल तर मल घट्ट येतो आणि त्रास पुष्कळ कमी होतो. मूत्राच्या स्टोमाचा त्रास आणखी निराळा, त्यात सततच्या ओलीने कातडी फुगते आणि कधी पांढुरकी, जाड, चामखिळीसारखी होते.

कातडीचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो आणि तेच तिचे कवच आहे. साबण हे कवच धुऊन नेतो. चकती उपटताना तिच्या डिंकासोबत कातडीच्या वरच्या पेशीही निघतात. तीन-चार दिवसांनी एकदा असे झाले तर कातडी ते भरून काढते. दिवसातून पाचदा झाले तर तिला भरून काढायला वेळच मिळत नाही. त्या गृहस्थांच्या बाबतीत नेमके हेच घडत होते.

आता शरीअतने त्यांच्याकडून हे मागितले होते काय, ते पाहू.

वुजूचे अवयव कोणते? चेहरा, कोपरांपर्यंतचे हात, मसहसाठी डोके आणि घोट्यांपर्यंतचे पाय. पोट त्यात नाही. सूरह अल-माइदाच्या सहाव्या आयतीत वुजू, गुस्ल आणि तयम्मुम यांचे आदेश आले आहेत आणि त्याच आयतीच्या अखेरीस अल्लाह आपल्यावर अडचण लादू इच्छित नाही, तर आपल्याला पाक करू इच्छितो, असा आशय आला आहे. पाकी आणि सवलत या दोन गोष्टी एकाच आयतीत शेजारी-शेजारी ठेवलेल्या आहेत, हे विसरता कामा नये.

ज्याचा वुजू एखाद्या सततच्या कारणाने टिकत नाही, त्याला फिक्हमध्ये माजूर म्हणतात. याचा आधार प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील आहे. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांना सतत रक्तस्राव होत असे. त्यांनी विचारले की, मी पाक होतच नाही, तर नमाज सोडून देऊ काय? प्रेषितांनी (स.) त्यांना नमाज सोडू दिली नाही. हे एका शिरेचे रक्त आहे, मासिक पाळी नव्हे, असे समजावून पाळीचे दिवस संपल्यावर धुऊन नमाज अदा करण्यास आणि प्रत्येक नमाजसाठी वुजू करण्यास सांगितले. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. आपल्या त्या गृहस्थांचा प्रश्न आणि या सहाबियांचा प्रश्न शब्दांनी वेगळा असला तरी अर्थाने एकच आहे.

हनफी मतानुसार एका नमाजच्या संपूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकाही खंड मिळाला नाही, तर ती व्यक्ती माजूर ठरते. पुढे प्रत्येक नमाजच्या वेळेत तो त्रास एकदा जरी आढळला तरी तिचे माजूर असणे कायम राहते. तिने वेळ सुरू झाल्यावर वुजू करावा. त्या वेळेत स्टोमातून काही आले तरी तेवढ्याने वुजू जात नाही. वेळ संपली की तो संपतो, किंवा दुसऱ्या एखाद्या कारणाने मोडतो. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत. त्यांच्या मतानुसार वेळ सुरू झाल्यानंतर प्रत्येक फर्ज नमाजसाठी स्वतंत्र वुजू करावा लागतो. शाफई ग्रंथांत अशा वेळी जागा धुणे व पट्टी बांधणे यांचाही उल्लेख येतो, पण जेथे त्याने इजा होते तेथे सवलतही दिलेली आहे. ज्याच्या मोठ्या आतड्याच्या स्टोमातून दिवसातून एकदाच ठराविक वेळी मल येतो, तो कदाचित माजूर ठरणारच नाही, त्याचा नियम इतरांसारखाच राहील. म्हणून आपली नेमकी स्थिती सांगून आपल्या आलिमांना विचारावे. जाताना एक कोरी पिशवी आणि चकती सोबत न्यावी, असे मी सुचवीन. अनेक आलिमांनी ही वस्तू पाहिलेली नसते. ते फडक्याची पट्टी डोळ्यांसमोर आणून उत्तर देतात. चकती कातडीला डिंकाने चिकटलेली असते आणि ती उपटली तर कातडी निघते, हे त्यांना हातात घेऊन कळले की उत्तरही त्याप्रमाणे येते.

पिशवीत मल असताना नमाज कशी होईल, ही शंका सर्वांत अधिक विचारली जाते. नमाजपूर्वी पिशवी शौचालयात रिकामी करावी, तिचे खालचे तोंड पाण्याने किंवा कागदाने स्वच्छ करून बंद करावे, हात धुवावेत आणि वुजू करावा. कपड्याला काही लागले असेल तर ते बदलावेत. इतके त्याच्या आवाक्यात आहे, म्हणून इतके त्याने करावे. जे सतत येत राहते आणि रोखता येत नाही, ते त्याच्या आवाक्याबाहेर आहे आणि सूरह अल-बकराच्या शेवटच्या आयतीप्रमाणे कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडचा भार टाकलेला नाही. नमाजसाठी चकती काढण्याची गरज नाही. गुस्ल फर्ज असेल आणि चकती काढल्याने इजा होत असेल, तर जखमेवरील पट्टीसाठी जो मसहचा नियम आहे तोच येथे विचारात घेतला जातो. तसे पाहता चकती बदलण्याच्या दिवशी ती काढूनच अंघोळ करता येते. पाण्याने स्टोमाला अपाय होत नाही.

सुनन अबू दाऊदमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्याला गुस्लची गरज पडली. मला तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने अंघोळ केली आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी अतिशय कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली आणि ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी विचारले का नाही, अज्ञानावरचा इलाज विचारणे हाच आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्या सोबत्यांचा हेतू वाईट नव्हता. पाकीची काळजीच त्यांना तसे बोलवीत होती. आमच्या त्या गृहस्थांना हा प्रसंग त्यांच्या मस्जिदीच्या इमामसाहेबांनी सांगितला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलासोबत दवाखान्यात गेले.

तेथे स्टोमाची निगा शिकविणाऱ्या परिचारिकेने पहिल्याच नजरेत आणखी एक चूक दाखविली. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो. सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो. हे गृहस्थ मात्र पहिल्या दिवशी कापून दिलेल्या मापानेच चकतीचे भोक कापीत होते. परिणामी स्टोमा आणि चकती यांच्यामध्ये जवळजवळ एक सेंटिमीटर कातडी उघडी राहून सतत मलात भिजत होती. भोक स्टोमाच्या कडेपासून फक्त दोन-तीन मिलिमीटर मोकळे असावे. पहिले दोन महिने दर आठवड्याला आणि नंतरही अधूनमधून मापाच्या कागदाने स्टोमा मोजावा. वजन वाढले किंवा घटले तरीही मोजावा. कातडीच्या तक्रारींचे हे फार मोठे कारण आहे आणि त्यावरचा उपाय कात्रीइतकाच स्वस्त आहे.

बदलण्याची रीत अशी. लहान आतड्याचा स्टोमा न्याहारीपूर्वी सर्वांत शांत असतो, त्यामुळे फज्रच्या नमाजनंतरची वेळ यासाठी उत्तम. चकती वरच्या कडेपासून हळूहळू सोडवावी. एका हाताने कातडी आत दाबावी, चकती ओढू नये, कातडी तिच्यापासून अलग करावी. ओले फडके लावीत गेल्यास ती सहज सुटते. नंतर कोमट पाण्याने आणि मऊ सुती कापडाने जागा पुसावी. साबण नको. स्पिरिट, जंतुनाशक द्राव, तेल, मलई, अंगाला लावायची सुगंधी पावडर आणि लहान मुलांसाठीचे ओले रुमाल यांपैकी काहीही नको. तेलकट पदार्थाने चकती चिकटत नाही आणि बाकीच्यांनी कातडी चुरचुरते. मग घासून नव्हे, टिपून टिपून जागा पूर्ण कोरडी करावी. नवी चकती लावल्यावर तळहात काही मिनिटे तिच्यावर ठेवावा, शरीराच्या उबेने डिंक पकड घेतो. चकती साधारणपणे तीन-चार दिवस राहते. परंतु खाली खाज किंवा आग जाणवली, कडेने गळती दिसली, तर वेळापत्रक न पाहता त्याच क्षणी बदलावी. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. भरलेल्या पिशवीचे वजन चकतीला खाली खेचते.

कातडी आधीच सोलवटली असेल तर स्टोमासाठीची खास भुकटी उपयोगी पडते. ओल्या जागेवर ती भुरभुरावी, जादा भुकटी झटकावी, तिच्यावर संरक्षक द्रवाचा पातळ थर टिपून लावावा आणि वाळू द्यावा. आवश्यक असल्यास हेच दोन-तीनदा करावे. त्यामुळे ओल्या जखमेवर खपलीसारखे आवरण तयार होते आणि त्यावर चकती चिकटते. कातडी भरून आली की भुकटी थांबवावी. निरोगी कातडीवर ती लावल्यास चकतीची पकड उलट कमी होते. स्टोमाची पेस्ट म्हणजे डिंक नव्हे, ती खळगे बुजविण्यासाठी असते. काही पेस्टमध्ये अल्कोहोल असते आणि सोललेल्या कातडीवर ती फार झोंबते. अल्कोहोलविरहित संरक्षक द्रव व पेस्ट मिळतात. वैद्यकीय कारणानेही त्याच घ्याव्यात, म्हणजे दुसरी शंकाही उरत नाही.

या भुकटीच्या इतिहासात आपल्याकडील एका झाडाचा वाटा आहे. कांडोळाच्या झाडाचा डिंक, ज्याला व्यापारात कराया म्हणतात, पूर्वी दातांची कवळी बसविण्यासाठी वापरीत. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी १९५० च्या दशकात तोच स्टोमाभोवतीच्या कातडीवर वापरून पाहिला आणि सोललेली कातडी भरून येऊ लागली. त्यांनीच १९५८ मध्ये नॉर्मा गिल या स्वतः स्टोमा असलेल्या महिलेला इतर रुग्णांना निगा शिकविण्यासाठी आपल्यासोबत घेतले आणि तेथून स्टोमा परिचारिकांचा स्वतंत्र व्यवसाय उदयास आला. आजच्या चकत्यांमध्ये पेक्टिन आणि सेल्युलोजपासून केलेला पदार्थ असतो, काहींत जिलेटिनही असते. जिलेटिनच्या उगमाबद्दल ज्यांना चिंता वाटते त्यांनी निर्मात्याकडे चौकशी करावी, जिलेटिनविरहित चकत्याही मिळतात. दुसरी मिळत नसेल तर निकडीचा नियम काय, हे आलिमांकडून समजून घ्यावे, पण तोवर कातडी उघडी ठेवू नये.

प्रत्येक लाली एकाच कारणाची नसते. स्टोमाच्या खालच्या बाजूला लाली असेल तर बहुधा गळती. चकतीच्या आकाराइतकीच रेखीव लाली असेल तर चकतीच्या पदार्थाची ॲलर्जी असू शकते. लाल चट्ट्याभोवती सुटे सुटे बारीक ठिपके आणि तीव्र खाज असेल तर बुरशी. त्यासाठी डॉक्टर बुरशीनाशक भुकटी देतात, मलम नव्हे. केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येत असतील तर चकतीसोबत केस उपटले जात आहेत, ते कात्रीने किंवा विजेच्या यंत्राने केसांच्या दिशेने बारीक करावेत. स्टोमा आत ओढला गेला असेल तर सपाट चकती कितीही वेळा लावली तरी गळणारच, तेथे फुगीर चकती आणि पट्टा लागतो आणि तो निर्णय परिचारिकेने करावयाचा असतो. खोल, जांभळट कडांचा व अतिशय दुखणारा व्रण, न थांबणारा रक्तस्राव, स्टोमाचा रंग काळपट होणे, किंवा पोट दुखून उलट्या होत असताना स्टोमातून काहीच न येणे, यांपैकी काही दिसल्यास एक दिवसही घरी थांबू नये. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्थाही मुंबईतच आहे.

मस्जिदीत दुर्गंधी जाईल या भीतीने अनेकजण घरीच बसतात. कच्चा लसूण-कांदा खाऊन मस्जिदीत न येण्याबद्दलच्या हदीसची त्यांना आठवण होते. वस्तुतः पिशवी हवाबंद असते. ती नीट बसलेली असेल तर रिकामी करण्याच्या वेळेखेरीज वास येत नाही. तो येऊ लागला तर चकतीखाली कोठेतरी वाट झाली आहे, असे समजावे, म्हणजे कातडीलाही त्याच क्षणी धोका आहे. सलवारची नाडी किंवा लुंगीची गाठ स्टोमावर येऊ देऊ नये. सजद्यात पोटावर दाब येतो म्हणून पिशवी आधी रिकामी केलेली बरी. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी वाकण्यास मना केले असेल, तर बसून नमाज अदा करावी. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्यास सांगितले होते.

रमजानबद्दल एवढेच, की लहान आतड्याच्या स्टोमातून पाणी आणि क्षार सतत जात असतात. अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. आजाऱ्यासाठीची सवलत सूरह अल-बकराच्या १८४ व १८५ व्या आयतींत स्पष्ट आहे.

ते गृहस्थ आता चार दिवसांनी चकती बदलतात. आठवड्याभरात त्यांच्या कातडीचा पाझर थांबला, तीन आठवड्यांत ती भरून आली. यंदा ते उमऱ्याला जाण्याच्या तयारीत आहेत आणि परवा त्यांनी मला त्याविषयी विचारले. मी त्यांना सांगितले की, चकत्या घरूनच मापाने कापून न्याव्यात, कारण कात्री विमानात हातातल्या पिशवीत नेऊ देतीलच असे नाही. सामान दोन ठिकाणी विभागून ठेवावे आणि उन्हात ठेवू नये, डिंक वितळतो. घामाने चकती लवकर सुटते, म्हणून नेहमीच्या दुप्पट न्याव्यात. स्टोमाभोवतीचे केस इहराम बांधण्यापूर्वीच बारीक करून घ्यावेत, कारण इहराममध्ये केस काढता येत नाहीत. आणि पिशवीत टाकायचे सुगंधी थेंब त्या दिवसांत बाजूला ठेवून बिनवासाचे वापरावेत. पट्ट्याबद्दल त्यांच्या मनात अजून शंका आहे, ती घेऊन ते या शुक्रवारी इमामसाहेबांकडे जाणार आहेत, पट्टा सोबत घेऊन.